लक्ष्मीपूजनाला उगवलेला चंद्र

सांगली जिल्ह्यात, निदान विश्रामबागेत, अगदीच कमी करायचं तर त्या एका गल्लीत, रेश्माइतकी चौकस नजर दुसऱ्या कुणाची नव्हती, असं खुद्द रेश्माचं मत होतं. गेल्या वर्षी दारातून नाहीशा होणाऱ्या दुधाच्या पिशवीचा तिनं तीन दिवस कसून तपास केला. तिघांवर संशय घेतला. चौथ्या दिवशी कळलं की दूधवालाच लग्नाला गावी गेला होता.

या वेळचं प्रकरण मात्र घरातलं होतं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री रजेवर घरी पोचणाऱ्या जवानाची जुनी गोष्ट सगळ्यांना पाठ. तिच्यावर बारा वर्षांपूर्वी टीव्हीसाठी एक स्वस्तातलं नाटक कोयनानगरात चित्रित झालं होतं. रेश्मा ज्या साप्ताहिकात लिहायची त्यानं त्याची कॅसेट पाठवली होती, आणि परीक्षण दिवाळी अंकाला आज पाच वाजेपर्यंत द्यायचं होतं. पण रेश्मा नाटकात शोधत होती तिच्या अण्णांना. अण्णा, म्हणजे तिचे वडील लालासाहेब, तेव्हा कोयनेला नोकरीला होते. "आमी काम केलंय त्यात," एवढंच सांगायचे. नाटक लागलं त्या दिवशी नेमकी वीज गेली. यंदा श्रावणात अण्णाही गेले. मागे उरला ओळखपत्रावरून मोठा केलेला एक फोटो. रेश्माला त्यांना एकदा हलताना बघायचं होतं.

कॅसेट तिसऱ्यांदा सुरू झाली.

"हा पोस्टमन," रेश्मा म्हणाली. "चालीत अण्णांचा डौल आहे."

"बाई हाय ती," शेंगा फोडता फोडता आई, चंद्राबाई, म्हणाली. "मिशी लावलीया."

"मग बैलाचे मागचे पाय. गुडघे बघ ना."

"बैल खराय गं."

रेश्मानं वही उघडून परीक्षण मोठ्यानं वाचलं. "लक्ष्मीपूजन म्हणजे अमावास्या, आणि आकाशात अख्खा चंद्र. दिग्दर्शकानं पंचांग पाहिलेलं दिसत नाही. शिवाय चंद्र थरथरतो, त्यावर डाग फार, आणि कडेला एक काळा ढग जागचा हलत नाही."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "थांबव ते."

चंद्र पडद्यावर थांबला. आई चष्मा लावून जवळ गेली आणि स्वयंपाकघरातून पितळी परात घेऊन आली. पडद्यावरच्या चंद्राच्या कडेला होता तोच पोचा परातीच्या कडेला होता.

"माझ्या मामानं दिलेली. डाग कुठलं, नाव घातलंय त्याचं. त्या दिवाळीला तुझं अण्णा घेऊन गेलं कोयनेला. मला म्हनलं, मेसला पायजे."

"आणि ढग?"

"अंगठा हाय त्यांचा. नख बघ, मशिनीत चेपलेलं."

रेश्मानं बटण दाबलं. प्रसंग नऊ मिनिटांचा होता. सहाव्या मिनिटाला पकड बदलताना अंगठा हलला. तिनं तेवढंच चार वेळा बघितलं.

"नऊ मिन्टं हात वर," आई म्हणाली. "आन घरात बल्ब बदला म्हनलं की खांदा दुखायचा."

पाचला दहा कमी असताना रेश्मानं पंचांगाचं वाक्य खोडलं. दिवाळी अंकात छापून आलं ते असं: चंद्र पहिल्यापासून शेवटपर्यंत थरथरतो, पण एकदाही खाली येत नाही.