बुवा फेटा बांधतायत

लाउडस्पीकरवाल्या अल्ताफने पेनड्राइव्ह लावला, कर्ण्यातून खरखर येतेय एवढी खात्री केली, यंत्राच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकून तो दुसऱ्या मांडवासाठी भोरला निघून गेला. कुलूप वानरांसाठी होतं. गेल्या वर्षी आंबवड्याच्या ह्याच देवळातून एका वानराने चालू माइक पिंपळावर नेला होता आणि अख्ख्या गावाने पाऊण तास त्याचं खाणं आणि खाजवणं ऐकलं होतं.

दुपारचे चार वाजले होते. कोंडिबाबुवांची तिसरी पुण्यतिथी. चाळीस वर्षं ज्यांनी भोर आणि वेल्ह्याच्या खोऱ्यांत कीर्तनं केली, त्या बुवांची एकच कॅसेट उरली होती. ती वाजवणारं यंत्र बुवांच्याही आधी गेलेलं. त्यामुळे बुवा गेल्यापासून चंद्राबाईंनी नवऱ्याचा आवाज ऐकला नव्हता. तो आज ऐकायला मिळणार म्हणून त्या ठेवणीतलं लुगडं नेसून पुढे बसल्या होत्या.

कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून आणली होती नातवाने, कुमारने. तो पुण्यात गिटार वाजवतो. त्याच्या खिशात दोन पेनड्राइव्ह होते. दोन्ही काळे. दुसऱ्यावर त्याचा स्वतःचा नवा अल्बम होता: जॅझ फ्यूजन, गिटारीला सिंथेसायझर जोडलेला, तार छेडली की कधी सनई निघावी, कधी घंटा, कधी पाण्याच्या तळातून कुणी हाक मारावी तसला आवाज. त्यातल्या शेवटच्या तुकड्यात त्याने त्याच कॅसेटमधला आजोबांचा थोडा आवाज वापरला होता. आजीला न विचारता. आज कीर्तन संपलं की विचारायचं, असं ठरवून तो आला होता.

कर्ण्यातून पहिला स्वर आला. तो घंटेचा होता.

कुमार ताडकन उठला. "थांबा, जरा चूक—"

"खाली बस!" बुवांबरोबर जन्मभर मृदुंग वाजवलेले कुंडलिकनाना दबक्या आवाजात ओरडले. "कीर्तनात उभं राहत्यात व्हय?"

"नाना, हे कीर्तन नाहीये."

"आरं, सुरवात हाय. बुवा यायच्या आधी अर्धा तास आमीच वाजवायचो. बस."

कुमार खोलीकडे धावला. कुलूप. अल्ताफला फोन लावला.

"अल्ताफभाई, लवकर या. पेनड्राइव्ह चुकला!"

"आवाज येतोय ना?"

"येतोय, पण दुसराच!"

"मग वानर न्हाई ना आत? बास तर. तासाभरात आलोच."

वीज तोडावी, तर यंत्र बॅटरीवर. कुमार परत आला तेव्हा आजीने हाताने खूण करून त्याला शेजारी बसवलं. तिचा चेहरा नुसता उजळला होता. "घाई नको करूस," ती कानात म्हणाली. "बुवा फेटा बांधतायत. त्यांना लई वेळ लागायचा."

आता हिला काय सांगायचं?

पहिला तुकडा संपला, दुसरा सुरू झाला. कीर्तनातून मधेच उठायचं नाही, हे ह्या गावाच्या हाडात मुरलेलं. त्यामुळे पन्नास माणसं मांडी घालून, कर्ण्याकडे बघत, बुवांची वाट बघत बसली. आणि रिकाम्या बसलेल्या श्रोत्याला मत फुटतंच.

"हा आवाज म्या वळखतो," एस.टी.तून निवृत्त झालेला गेनू ड्रायव्हर म्हणाला. "वरंधा घाटात दुसऱ्या गिअरला गाडी आसाच सूर धरायची."

"माझी म्हस व्यायली तवा," सगुणाबाई म्हणाल्या, "आगदी आशीच हंबरली हुती. पण ह्या आवाजात माया हाय."

"वादक तयारीचा हाय," आनंदराव सरपंच गंभीरपणे म्हणाले. "पण बोटांना लई घाई. नैवेद्य झाकायचा राह्यलाय जणू."

कुमारने मान खाली घातली. पुण्यात मित्रांनी 'भारी' एवढंच म्हटलं होतं. एवढं बारकाईने त्याला कुणी ऐकलं नव्हतं.

कुंडलिकनाना मात्र डोळे मिटून ऐकत होते. त्यांची बोटं मांडीवर चालू होती. अचानक त्यांनी समेला टाळी दिली. "आरं, सात! सात मात्रांत खेळतोय गडी, आन बरोबर घरी येतोय. मला बुवांनी कदी सातात वाजवू दिलं न्हाई. म्हणायचे, माणसं टाळ चुकत्यात."

आजी हसली. "तू सांगितलं होतंस ना रं, तुज्या त्या जॅझमदी चाल धरायची, तिला सोडून लांब फिरायचं, आन परत यायचं?"

"हो, आजी."

"बुवा तरी काय करायचे? अभंग आंबवड्यात धरायचा, वेल्ह्याला नेऊन आणायचा." मग तिने पदराने डोळे टिपले. "येतील आता."

शेवटचा तुकडा सुरू झाला होता. मागे सगुणाबाई आणि गेनू यांच्यात म्हशीवरून आणि एस.टी.वरून जुंपली होती, आवाज चढले होते. आणि तेवढ्यात कर्ण्यातून, खणखणीत, बुवा बोलले:

"मागं कोण बोलतंय? बोलायचं आसंल तर पुढं येऊन बोला. म्या खाली बसतो!"

देऊळ चिडीचूप. गेनूने टोपी सावरली. सगुणाबाईंनी तोंडावर पदर घेतला आणि सवयीने म्हणाल्या, "म्या न्हाई बुवा, चंद्रा बोलत हुती."

"व्हय," आजी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ती हसत होती. "कॅसेट भरली त्या दिवशी म्याच बोलत हुते. गव्हाच्या कुरडयांवरून."

आणि मग गिटारीने बुवांचं तेच वाक्य, त्याच चढउतारांत, त्याच रागाने म्हणून दाखवलं. बुवा पुन्हा बोलले. गिटार पुन्हा मागून बोलली.

अल्ताफ आला, कुलूप निघालं. कुमारने सगळ्यांसमोर चूक कबूल केली, न विचारता आवाज घेतल्याबद्दल आजीचे पाय धरले, खरा पेनड्राइव्ह लावला. बुवांचं कीर्तन सुरू झालं, मृदुंग, टाळ, सगळं जागच्या जागी. लोक तृप्त होऊन डोलू लागले.

दहा मिनिटांनी आजीने कुमारचा सदरा ओढला.

"त्यांच्या मागनं बोलणारा तो कुठं गेला रं?"

"आजी, तो मीच होतो."

"ठावं हाय मला. म्हणूनच इचारते. एकटे पडलेत ते. जा, आण तुजी ती गिटार."

गिटार गाडीतच होती. कुमार ती घेऊन आला, तसे कुंडलिकनाना बुवांच्या जुन्या टाळकऱ्यांच्या रांगेत सरकले आणि त्याला जागा करून दिली. त्यांनी देवळातला मृदुंग पुढे ओढला, एकदा कर्ण्याकडे चोरून बघितलं आणि स्वतःचा आवाज खाली आणला.

"बुवा निरूपणात रमलेत, तवर एकदा सातात वाजवून घेऊ."