एकसष्ट नंबरची विहीर

दौलतभाऊंना आडवा तक्ता दिसला की ते खिशातून कात्री काढत. कडेला गावे आणि माथ्यावर बारा महिने असा कागद हाती लागला, की महिन्यांच्या बारा पट्ट्या कापायच्या आणि खळ लावून एकाखाली एक चिकटवायच्या. सात वर्षे मी त्यांच्या शेजारच्या टेबलाशी बसलो. तेवढ्या काळात एकही रुंद कागद कचेरीतून जिवंत बाहेर गेला नाही.

महाराष्ट्र नुकता झाला होता. आम्ही आमच्या भागातल्या अठ्ठ्याहत्तर विहिरींच्या पाण्याची नोंद ठेवत असू. दर एक तारखेला प्रत्येक विहिरीवर कोणी गावकरी दोर सोडून पाणी किती फुटांवर आहे ते पाही आणि पोस्टकार्डाने कळवी.

"कागद असा आडवा वाढवला," भाऊ म्हणत, "त पुढच्या वर्साचे बारा महिने कुठं लावशीन बापू? टेबल काय पार धाड गावापर्यंत नेशीन?"

त्यांच्या वहीत एका ओळीत तीनच गोष्टी: विहिरीचा नंबर, महिना, पाणी. बाकी सगळे दुसऱ्या वहीत, तिला ते ओळखवही म्हणत. तिथे नंबरापुढे गाव, विहिरीची खोली, मोजणाऱ्याचे नाव, 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत'. पूर्वी साखरखेर्डा तीन तऱ्हांनी लिहिले जाई आणि बेरजेत तीन गावे होत. ओळखवहीने ती एक केली. मोजणारा बदलला, तरी जुन्याच्या नावावर रेघ मारायची नाही. त्याच्यापुढे शेवटची तारीख भरायची आणि नव्याचे नाव खालच्या ओळीत घ्यायचे. "खोडाचं नाही बापू. माणूस होता तो."

जे मोजणारे अजून काम करत, त्यांच्या 'कधीपर्यंत'मध्ये ते पेन्सिलीने 'चालू' लिहीत. कारण कोरा रकाना त्यांना सोसत नसे. कोऱ्या जागेवर बोट ठेवून विचारत, "कोरं म्हणजे काय? विहीर आटली, का कोणी मोजली नाही, का विहीरच नाही?"

एकदा आमच्या घरी त्यांचे लक्ष दुधाच्या कॅलेंडरकडे गेले.

"वहिनी, चौदाले कोरं काऊन? दूध आलं नाही, का म्हैस आटली?"

"चौदाले मी माहेरी होती भाऊ! दुधाचं तुमच्या बापूले इचारा."

मी हसलो. भाऊ मात्र गंभीर झाले. "म्हणजे सांगणारंच घरी नव्हतं," असे पुटपुटून ते चहा अर्धा ठेवून गेले.

एकसष्ट नंबरची विहीर लोणारजवळची. सरोवराचे पाणी खारे, पण काठावरच्या रानातली ही विहीर गोड. मोजणारे कासमभाई. त्यांच्या कार्डावर आकड्याखाली नेहमी एक ओळ असे: 'पाणी गोड हाये. एकदा येजा.' सत्त्याहत्तर कार्डे फायलीला लागत, हे एक भाऊंच्या खिशात जाई. "जाऊ एकदा," ते म्हणत. भाऊंची बायको लवकर गेली होती, मूल नव्हते. दुसरे कोणाचे पत्र त्यांना आलेले मी पाहिले नाही.

भाऊंना निवृत्त व्हायला चार महिने उरले होते, तेव्हा नव्या साहेबांनी मला आत बोलावले.

"एकसष्टचा मोजणारा दोन वर्षांपूर्वी वारला असं कळतं. कार्डं तर येतात. येत्या एक तारखेला तुम्ही स्वतः मोजून या. आकडा खोटा निघाला, तर दौलतरावांचं पेन्शन मी अडवणार."

मी ओळखवही उघडली. कासमभाईंपुढे तारीख नव्हती. 'चालू'ही नव्हते. अख्ख्या वहीत तेवढाच एक रकाना कोरा होता. 

एक तारखेला भाऊ रजेवर होते. दोन वर्षे ते दर एक तारखेला रजा घेत. देवदर्शन असेल, असे आम्ही धरून चाललो होतो. मी एस.टी.ने लोणार गाठले. भर दुपारी त्या रानात पाखरूही बोलत नव्हते. कासमभाईंच्या खोलीला कुलूप होते आणि उंबऱ्यावर गवत उगवलेले. विहिरीच्या काठावर दोर मात्र ओला होता. पाणी निथळत होते.

शेजारच्या वावरातल्या बाईला विचारले.

"कासमभाई? त्याईले जाऊन दोन वर्सं झाले, दादा."

"मग दोर ओला कसा?"

"एक तारखेले ओला राह्यतेच. आमी त्या दिसी तिकडं फिरकत नाही. तुमीबी नका थांबू." आणि ती पाठ फिरवून चालू लागली.

मी दोर सोडला. दोराच्या टोकाचा दगड पाण्याला लागला. मी वर ओढून अजून मोजलेही नव्हते, तोच मागच्या निंबामागून कोणीतरी हळूच म्हणाले, "सव्वीस चार."

मी वळून पाहिले नाही, हे कबूल करतो. दोर मोजला. सव्वीस फूट चार इंच. मग जवळजवळ पळतच स्टँड गाठला.

तिसऱ्या दिवशी कार्ड आले. कासमभाईंचे तेच डावीकडे झुकलेले अक्षर. सव्वीस फूट चार इंच. खाली लिहिले होते: 'आज तुमचा माणूस येऊन गेला. ऊन लय होतं. त्याले पाणी पाजाले पायजे होतं.'

मी कार्ड उलटसुलट करून पाहिले. मग कार्डाच्या कोपऱ्याकडे लक्ष गेले. तिथे खळीचा अंगठा उमटला होता.

मी ओळखवही भाऊंसमोर उघडली आणि त्या रकान्यावर बोट ठेवले. "कोरं म्हणजे काय, भाऊ?"

त्यांनी कात्री खाली ठेवली. 

"नऊ वर्सं बलावलं त्यानं," ते म्हणाले. "बलावणारं घरी होतं बापू. जाणारंच गेलं नाही. गेलो तवा कुलूप होतं. मंग त्याचंच अक्षर गिरवलं."

साहेबांना मी अहवाल भाऊंच्याच पद्धतीने दिला: एकसष्ट, चालू महिना, सव्वीस फूट चार इंच, स्वतः मोजून खरे. त्या ओळीत मोजणाऱ्याचे नाव लागत नाही. साहेबांनी वहीतले एकसष्टचे मागचे आकडे शेजारच्या विहिरींशी ताडून पाहिले. ते बरोबर चढत-उतरत होते. त्यांनी सही केली.

त्या संध्याकाळी भाऊंनी कासमभाईंपुढे तारीख भरली. नाव खोडले नाही. खालच्या ओळीत स्वतःचे नाव लिहिले आणि पेन्सिलीने 'चालू'.

ते निवृत्त झाले आणि गाव सोडून गेले. पुढच्या महिन्यात एकसष्टचे कार्ड माझ्या नावावर आले. अक्षर तेच, डावीकडे झुकलेले. आकडा होता आणि खाली ओळ: 'पाणी गोड हाये. एकदा येजा, बापू.'

ते कार्ड मी फायलीला लावले नाही. रविवारी लोणारची गाडी किती वाजता सुटते, ते पाहून आलो.