दारापाशीचं स्टूल

सुलभाताई कुणाकडेही गेल्या की आधी दार कुठे आहे ते बघतात आणि मग त्याच्याच शेजारी बसतात. इथे परदेशात, बुकित तिमाह भागातल्या आमच्या कॉन्डोत त्यांचा फ्लॅट माझ्या फ्लॅटला लागून, पण आमच्या गुबगुबीत सोफ्याला त्या आजवर टेकलेल्या नाहीत. चपलांच्या रॅकजवळचं डुगडुगतं स्टूल ओढायचं, पर्स मांडीवर घट्ट धरायची आणि म्हणायचं, "दारापाशी बरं असतं गं मीनल. सांगता येत नाही."

काय सांगता येत नाही, ते त्या कधीच सांगत नाहीत. इथल्या हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या उघड्या मांडवाला, भिंतीच नाहीत, तरी तिथेही त्या दार शोधतात. एमआरटी मेट्रो रिकामी असली तरी दाराला चिकटून उभ्या. लिफ्टला भितात, सरकत्या जिन्याला भितात, आणि वरच्या मजल्यावरच्या वीतभर कुत्र्याला तर चक्क वाट देतात. माझी लेक इथल्या बोलीत म्हणते, "आंटी, रिलॅक्स ला!" तर तिलाच उलट बजावतात, "तू आधी जिना सावकाश उतर."

आणि या बाईंचं काम काय? बायकांची भीती घालवणे! तरुणपणी पुण्यात हौसेने रशियन शिकल्या, ते असं उपयोगी पडलं. इथल्याच तांजोंग पगार भागातल्या एका संस्थेतर्फे त्या अधूनमधून किर्गिझस्तानच्या खेड्यांत जातात. सोविएत राज्य मोडल्यावर दहा-पंधरा वर्षांत सामूहिक शेतांच्या जमिनी घराघरांत वाटल्या गेल्या, पण कारभार राहिला पुरुषांकडे. बायकांनी गावच्या सभेत तोंड उघडावं, आपला वाटा मागावा, म्हणून सुलभाताई शिबिरं घेतात.

पहिला धडा बसण्याचा. तिकडे दारासमोरच्या भिंतीशी, अगदी आत, मानाची जागा. तिथे वडीलधारे पुरुष बसणार आणि सुना दारापाशी, चहा ओतायला. "उठा, आत जाऊन बसा!" असं सुलभाताई त्यांना शिकवतात. हे ऐकून मी पोट धरधरून हसले होते. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान," मी म्हटलं. त्याही हसल्या, स्टुलावरून.

गेल्या आठवड्यात ताईंनी मला अचानक पेढे दिले. गुलनारा नावाची त्यांची एक लाडकी विद्यार्थिनी आहे. नवरा गेला आणि त्याची जमीन दिराने दाबली. ती आता मानाच्या जागी बसून भर सभेत जमीन मागणार होती. सभा संपली की लगेच फोन करते, असं तिने सांगितलं होतं.

सभा सोमवारी झाली. फोन आला नाही. सुलभाताईंनी लावून पाहिला, परत परत लावला, पलीकडून कुणी उचलेना. शेवटी तिथला एक सहकारी एवढंच म्हणाला, की आरडाओरडा झाला आणि ती आत असतानाच दिराने आतून दार लावून घेतलं. पुढचं सांगायला गावात कुणी तयार नाही.

काल संध्याकाळी ताई आमच्याकडे आल्या. मी सवयीने स्टूल पुढे केलं. त्यांनी तिकडे पाहिलंच नाही. तशाच आत गेल्या, सोफा ओलांडून बाल्कनीजवळच्या कोपऱ्यात खाली फरशीवर बसल्या. हातात मोबाइल.

"अहो ताई, तिथे कुठे बसताय?"

"बघतेय. इथून दार फार लांब आहे गं. आणि मध्ये सगळी त्या दिराचीच माणसं. मला हे ठाऊक होतं ना मीनल, म्हणून तर मी जन्मभर दारापाशी बसते. आणि तिला मीच आत पाठवलं."

लेकीने न सांगता टीव्ही बंद केला.

मी उठले, फ्लॅटचं दार सताड उघडलं, ते लागू नये म्हणून त्याला स्टूल टेकवून ठेवलं आणि ताईंना खेटून फरशीवर बसले. फोन अजून वाजला नव्हता.