इस्माईलचाचांची लाल टिकली

इस्माईलचाचा बोलताना समोरच्या माणसावर छत्री रोखत. मिटलेली छत्री, मूठ खांद्याला टेकवलेली, आणि दांडीवर लूमच्या सुताने करकचून बांधलेली एक आखूड काळी नळी. त्या नळीतून दोन्ही डोळे सताड उघडे ठेवून ते तुमच्याकडे बघत आणि विचारत, "बोल मास्तर, काय म्हणतोस?" त्यांनी पहिल्यांदा ती माझ्यावर रोखली तेव्हा मी हात वर केले होते. भाजीच्या पिशवीसकट.

चाचा माझे घरमालक. भिवंडीत कामतघरला त्यांचे चार लूम, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग, होते आणि त्या शेडला लागून असलेल्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. जन्मभर लूमच्या खडखडाटात बोलल्यामुळे शुक्रवारी लूम बंद असतानाही ते ओरडूनच बोलत. चाची जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा नासिर मालवाहू जहाजावर. त्याला शाळेत सायन्स मी शिकवलं होतं, तरीही तो जहाजाचं इंजिन नीट चालवत होता.

छत्रीवरच्या नळीची गोष्ट नासिरपासूनच सुरू होते. त्याचं जहाज जपानला लागायचं. तिथे म्हणे मोठी माणसं सुटीच्या दिवशी रानात जाऊन खेळण्यातल्या बंदुकांनी एकमेकांवर प्लास्टिकच्या गोळ्या झाडतात आणि संध्याकाळी एकत्र चहा पितात. नासिरलाही तो नाद लागला. एकदा घरी आला तेव्हा त्या बंदुकांचं रंगीत पुस्तक चाचांसमोर टाकून म्हणाला, "अब्बा, तुम्हाला कुठली आणू?"

लहानपणी उरुसात चाचांनी इतके फुगे फोडलेले, की दुकानवाल्याने शेवटी हात जोडले होते. त्यामुळे ते हरखले. पण बंदुकांची पानं सोडून त्यांचं बोट थेट शेवटच्या पानावर गेलं. तिथे नुसत्या नेम धरायच्या नळ्या होत्या. आत बघितलं की लाल टिकली दिसते; ती जिथे ठेवाल तिथे गोळी.

नासिर जहाजावर गेल्यावर चाचांनी त्या पानावर अख्ख्या गल्लीचं मत घेतलं. नळीवाली बरी की उघड्या काचेची? टिकली मोठी बरी की बारीक? टेमघरहून मासे घेऊन येणाऱ्या पारूबाईने पाटी उतरवून निकाल दिला, "मोठीच घ्या चाचा. बारकी तुमाला दिसाची न्हाय."

मी शास्त्रशुद्ध बोललो. "टिकली मोठी असली तर लांबचं निशाण तिच्याखालीच झाकलं जाईल. आणि चाचा, आधी बंदूक तरी ठरवा."

"घाई काय हाय?" चाचा म्हणाले.

हे त्यांचं लाडकं वाक्य. दुसरं लाडकं वाक्य पुढच्या फेरीला नळी आली तेव्हा जन्माला आलं. नासिर जहाजावर परत गेला आणि चाचांनी मला बोलावून नळी हातात दिली. मी समोरच्या भिंतीवर लाल ठिपका शोधू लागलो. भिंतीवर नाही, म्हणून खाटेखाली वाकलो. बायकोलाही हाक मारली, "तुला कुठे दिसतोय का गं?" मग नळी डोळ्याला लावली, तर आत माझाच डोळा माझ्याकडे बघत होता.

"उलटी धरलीस मास्तर."

मी सुलटी केली आणि डावा डोळा गच्च मिटला.

"एक डोळा कशाला मिटतोस? अल्लानं दुसरा काय शोभेला दिलाय? दोन्ही डोळे उघडे!"

दोन्ही उघडे ठेवले आणि रस्त्यापलीकडच्या पाण्याच्या टाकीवर लाल टिकली अलगद येऊन बसली. टाकीनेच सकाळी अंघोळ करून लावावी तशी. आरशातून प्रकाश कसा उलटा फिरतो हे मी नववीला दरसाल शिकवतो. त्या दिवशी ते मला समजलं.

मग ती नळी छत्रीवर चढली. गल्लीतली पोरं आपापल्या शर्टावर ठिपका शोधत. चाचा त्यांना म्हणत, "तुला नाय दिसायची. ज्याच्यावर ठेवली त्याला पत्ता नसतो. बघतो त्यालाच दिसते."

भिवंडीत बंदूक हा शब्द मोठ्याने बोलायचा नसतो, आणि चाचांना हळू बोलता येत नसे. म्हणून आम्ही सगळे त्या येणाऱ्या वस्तूला "सामान" म्हणायचो. सामान तुकड्यातुकड्याने येऊ लागलं. एका फेरीला लाकडी दस्ता. त्यानंतरच्या फेरीला पुढची नळी. मग गोळ्यांची डबी. नाक्यावरचा रिक्षावाला दरवेळी विचारायचा, "चाचा, हॉर्न तो कब का आ गया, रिक्षा कब आएगी?"

"घाई काय हाय? येते पुढच्या फेरीला."

सगळ्यात मोठ्याने मी हसायचो. शाळेच्या स्टाफरूममध्ये हा किस्सा मी इतक्यांदा सांगितला, की तिथला शिपाईही तो माझ्या आधी पूर्ण करायचा.

अखेर एका फेरीला शेवटचा भाग आला, आतली स्प्रिंग. शुक्रवार होता, लूम बंद. नासिरने शेडमागे बसून सगळं जोडलं, छत्रीवरची नळी सोडवून वर बसवली आणि भिंतीवर वनस्पती तुपाचा रिकामा डबा ठेवला. पहिला मान मला. मी डब्यावर टिकली ठेवली, दोन्ही डोळे उघडे ठेवले आणि ऐन वेळी दोन्ही मिटले. गोळी बाजूला गंमत बघत उभ्या पारूबाईच्या पाटीत गेली. तिने सुरमई उचलून विचारलं, "मास्तर, मेलेली हाय ती. आजून किती मारताव?"

मग चाचांनी बंदूक घेतली. श्वास रोखला. डबा टणकन उडाला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

नासिर हात पुसत म्हणाला, "झालं अब्बा, तुमचं सामान पूर्ण झालं. आता एक सांगायचंय. तिकडं बंदरावरच नोकरी मिळतेय. चांगली आहे. फक्त तीन-चार वर्षं येणं जमणार नाही."

चाचांनी बंदूक पुन्हा खांद्याला लावली, बराच वेळ नळीतून बघितलं आणि म्हणाले, "टिकली हलते."

"काय?"

"हलते. एका जागी ऱ्हात नाय. दुसरी लागंल."

"अब्बा, आत्ता तुम्ही डबा उडवलात!"

"तो वाऱ्यानं पडला."

झाडाचं पानही हलत नव्हतं. नासिरने मला कोपऱ्यात ओढलं. "सर, यांचं काय करू? पहिल्याच फेरीला मी आख्खी गन आणली होती. बॅगेत होती. यांनी वरची नळी तेवढी काढून घेतली आणि बाकीचं परत न्यायला लावलं. म्हणाले, एकेक करून आण. दरवेळी हेच. लोकं हसतात."

लोकं म्हणजे मी. मी चाचांकडे बघितलं. ते शेडच्या मागच्या दाराजवळच्या बंद लूमवरचं सूत उगाच बोटाने चाचपत होते.

"सर, तुम्ही सायन्सचे. तुम्हीच बघून सांगा, हलते का?"

मी बंदूक घेतली. डबा पुन्हा भिंतीवर ठेवलेला होता. टिकली त्याच्यावर अशी बसली होती, की हातोडीनेही निघाली नसती.

"हलते रे," मी म्हणालो. "आतली काच सैल झाली असेल. दुसरीच आणावी लागेल. पार्सलने नको, फुटेल. हातानेच आण."

नासिर माझ्याकडे बघत राहिला, मग अब्बांकडे. "बरं," तो म्हणाला. "वर्षभरात एक चक्कर मारतो."

"घाई काय हाय?" चाचा म्हणाले. फार घाईने म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नासिर निघाला. चाचांनी बंदूक कपाटात ठेवली, नळी पुन्हा छत्रीवर बांधली आणि ते गल्लीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. मीही शेजारी. रिक्षा सुरू झाली, नासिरने बाहेर हात काढून हलवला. चाचांनी छत्री खांद्याला लावली आणि रिक्षा लहान लहान होत गेली तशी तिच्यामागे फिरवत राहिले.

"मास्तर," ते म्हणाले. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "खरंच हलते रे."

मी छत्रीची दांडी खालून धरली.

"आता?"

"आता बरी हाय," चाचा म्हणाले. रिक्षा केव्हाच वळली होती.