खालच्या गटातले बोडखे सर

बोडखे सर बुद्धिबळात बायकोच्या नावानं जिंकतात आणि स्वतःच्या नावानं हरतात. मी थट्टा करून नाही राहिलो. सौंसरात कोणालाही विचारा.

सरांच्या मोबाइलवर दोन खाती आहेत. रोज सकाळी पोहे होईपर्यंत ते मालतीकाकूंच्या खात्यावरून खेळतात. अंगात बनियन, एक पाय खुर्चीवर. कुठल्या कुठल्या देशाचा माणूस समोर येतो आणि मार खाऊन जातो. काकूंना घोडा कसा चालतो तेही ठाऊक नाही, पण जगात त्यांची दहशत आहे. एकदा एका परदेशी गड्यानं लिहून विचारलं, मॅडम, तुम्ही कोणाकडे शिकलात? सरांनी मोठ्या कौतुकानं काकूंना वाचून दाखवलं. काकू म्हणाल्या, "त्याले मंग उत्तर द्या. पह्यले गॅस बंद करा, दूध उतू चाललं."

दुसरं खातं सरांच्या स्वतःच्या नावाचं. ते फक्त रविवारी दुपारी उघडतं, आमच्या टूर्नामेंटसाठी. ही टूर्नामेंट मी भरवतो. माझं स्टेशनरीचं दुकान आहे, आणि रविवारी गिऱ्हाइकाची वाट पाहत माशा मारण्यापेक्षा हे बरं. सौंसर, पांढुर्णा, रामाकोना, लोधीखेडा, इकडची हौशी मंडळी आपापल्या घरी बसून मोबाइलवर खेळतात. त्या दिवशी सर आंघोळ करून, इस्त्रीचा फुलशर्ट घालून, मोबाइलला नमस्कार करून बसतात. आणि हरतात. कोणाकडूनही हरतात. पांढुर्ण्याच्या एका कापडवाल्याकडून हरले, जो आधी वजीर बाहेर काढतो आणि मग तो कुठे गेला म्हणून शोधत बसतो!

हेच सर तरुणपणी तालुक्यात पहिले यायचे. मला शाळेत गणित त्यांनीच शिकवलं. आपला मास्तर असा धुळीत मिळताना पाहून जीव तुटतो हो. शेवटी एकदा विचारलंच, "सर, सकाळी वाघ आन् इतवारी शेळी, असं काऊन?"

सरांनी चष्मा पुसला. कोणताही सिद्धान्त मांडण्याआधी ते चष्मा पुसतात.

"गजू, तुले मूळ फरकच समजला नाही. रोजचा खेळ म्हणजे सोयरीक. बटन दाबलं का मोबाइल तुह्या तोलामोलाचं स्थळ शोधून आणते. टूर्नामेंट म्हणजे आठवडी बाजार. तिथं ज्याचा धक्का लागन त्याच्याशी बोला!"

"पण सर, तो कापडवाला तर तुमच्याहून लय कच्चा."

"कच्चा कोण म्हणते? अबे, रोजच्या खेळात समोरचा माणूस संडासात बसून खेळत असते, बसमधी लटकून खेळत असते. टूर्नामेंटमधी तोच गडी आंघोळ करून, दार लावून बसते. रेटिंगचा नंबर तोच, माणूस वेगळा. सीधी बात आहे."

आता हे काही अगदीच खोटं नाही. टूर्नामेंटमध्ये माणूस चवताळून खेळतो, हे मीही पाहिलंय. पण फुकटात हत्ती देऊन टाकायला समोरच्यानं आंघोळ केली काय आणि नाही केली काय? हे मी मनातच ठेवलं. बोडखे सरांशी वाद घालणं म्हणजे पुन्हा सातवीत जाऊन बसणं.

पुढे खेळणाऱ्यांची कुरकुर सुरू झाली. पक्के म्हणत, कच्च्यांशी खेळून मजा नाही. कच्चे म्हणत, पक्के आमचा पार भुगा करतात. मग मी ठरवलं, दोन गट करू, वरचा आणि खालचा. आणि गुरूची लाज राखायची म्हणून सरांना घातलं वरच्या गटात. सांगायला मोठ्या ऐटीत त्यांच्या घरी गेलो.

सरांचा चेहरा खाडकन उतरला.

"मले खालीच ठेव."

"सर, तुमची इज्जत..."

"चुलीत घाल इज्जत! खाली ठेवतं का नाही तेवढं सांग."

सर माझ्यावर असे कधीच ओरडले नव्हते. पाढा चुकलो तेव्हासुद्धा नाही. ते उठून अंगणात निघून गेले. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"हे काही सांगत नाहीत, मीच सांगतो," काकू म्हणाल्या. "वसंतभाऊजींसाठी चाललं हे सारं."

वसंतभाऊ म्हणजे सरांचे थोरले भाऊ. मोहगावला असतात, संत्र्याचा बगीचा आहे. सरांना बुद्धिबळ त्यांनी शिकवलं. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, जीभ जड झाली आणि खेळही पार मोडला. सर दर रविवारी बसनं जायचे, त्यांच्याशी खेळायचे आणि हळूच हरायचे. थोरल्या भावाला हरवायचं कसं? पण वसंतभाऊंनी एक दिवस पकडलं. "मन्या, माही कीव करतं?" म्हणून डाव्या हातानं सगळा पट उधळून दिला. त्या दिवसापासून सरांशी खेळणं बंद, बोलणं बंद. मग घरच्यांशीही बंद. डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना बोलतं ठेवा, नाही तर आहे तीही वाचा जाईल.

"मंग तिकडल्या सूनबाईनं त्याइले तुह्या टूर्नामेंटमधी बसवलं," काकू म्हणाल्या. "तिथं कोणी कीव करत नाही म्हणून खेळतेत. आता तूच भरवतं, तुले तं माहीत असन. हरणाऱ्याले पुढचा कोण भेटते?"

हरणाऱ्याला हरणाराच भेटतो. पहिला डाव कोणाशीही, पण पुढे जिंकणारे जिंकणाऱ्यांशी आणि हरणारे हरणाऱ्यांशी, असा आमच्या टूर्नामेंटचा कायदाच आहे. यादीत मोहगावचे वसंतराव कायम तळाला असायचे. त्यांचं आडनाव मीच यादीत घातलं होतं, तरी डोक्यात उजेड पडला नाही.

"आन् सर्वाइकडून हरले नाही," काकू म्हणाल्या, "तं भाऊजींना पुन्हा संशय येईन ना. सकाळची खाज मंग माह्या नावानं भागवतेत."

आता खरं सांगायचं तर मुद्दाम हरणं गुन्हा आहे. अशा लोकांना मी टूर्नामेंटमधून हाकलतो.

पुढच्या रविवारी मी सरांच्या शेजारी जाऊन बसलो. पहिले दोन डाव त्यांनी पटापट घालवले. तिसऱ्याला पडद्यावर वसंतभाऊंचं नाव आलं आणि सर ताठ झाले. प्रत्येक खेळीला कपाळ पुसायचे. "हरणं सोपं नाही गजू," ते पुटपुटले. "भाऊले कळलं नाही पाह्यजे." मला तर एकदा समोर सरळ मात दिसली. सरांनाही दिसली असणारच. ते बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले आणि प्यादं पुढे सरकवलं.

डाव संपला. सर मोबाइल हातात धरून बसले. काकूंनी सवयीनं पंखा बंद केला. फोन वाजला.

"म... मन्या." आवाज जड होता, एकेक शब्द पाटा उचलल्यासारखा येत होता. "घोडा... फुकट देल्ला लेका."

"हो भाऊ."

"त्या कापडवाल्याले बी... हरला. पाह्यलं मी."

"हो भाऊ."

"तुहा खेळ... लय उतरला बे."

मग वसंतभाऊ बोलतच राहिले. कोणतं प्यादं कधी हलवायचं होतं, किल्लेकोट कुठे चुकला, लहानपणी काय शिकवलं होतं. अडखळत, थांबत, पुन्हा पहिल्यापासून. सरांच्या डोळ्यांतून धार लागली होती. फुलशर्टाच्या बाहीनं ते पुसत होते आणि मान डोलावत होते.

"सोडू नको खेळणं," वसंतभाऊ म्हणाले. "लोक हासतीन... हासू दे. मी आहो ना... शिकवाले."

सरांनी मोबाइल दोन्ही हातांनी धरला.

"मन्या? आयकून... राहिला ना?"

"आयकून राहिलो भाऊ," सर म्हणाले. "तू बोल. बोलत राह्य."