दिगंबर सांबराची ठणठणीत तब्येत

एका जंगलात, बाळांनो, सगळे प्राणी भूक लागली की खायचे आणि पोट भरलं की थांबायचे. इतकं ते जंगल मागासलेलं होतं.

तिथे दिगंबर नावाचा एक सांबर राहायचा. अंगानं भरलेला, मानेवर दाट केस, चाल डौलदार. बायकोचं नाव अनसूया. मोहाची फुलं पडायला लागली की दोघं झाडाखाली उभी राहून पोटभर खायची. मग सावलीत बसून रवंथ करायची आणि एकमेकांच्या नातेवाइकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायची. थोडक्यात, संसार सुखाचा होता.

एके दिवशी त्या जंगलात श्रीमती कोल्हे आल्या. श्रीमती कोल्हे ही कोल्हीण होती, हे तुमच्यासारख्या चाणाक्ष मुलांनी ओळखलंच असेल. शहराच्या कडेचे उकिरडे धुंडाळून धुंडाळून त्या सुशिक्षित झाल्या होत्या. त्यांनी दिगंबरला खुरांपासून शिंगांपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "अरेरे!"

"काय झालं?" दिगंबरनं घाबरून विचारलं.

"अजून काही झालेलं नाही. तुमचे वडील कशानं गेले?"

"वाघानं खाल्लं."

"आणि आजोबा?"

"त्यांनाही वाघानंच."

"बघा! म्हणजे आनुवंशिक आहे."

श्रीमती कोल्हेंनी पिशवीतून दोन वस्तू काढल्या. एक होतं पथ्यपात्र. त्या भांड्यातच खायचं, आणि खाऊ नये ते खाल्लं की भांडं ओरडणार. दुसरा होता प्राणसखा. तो गळ्यात बांधायचा. घालणारा पडला की प्राणसखा मोठ्यानं त्याचं नाव, पत्ता आणि तब्येतीची अवस्था सांगून मदत बोलावणार.

"आणि वाघ आला तर?" अनसूयेनं विचारलं.

"वहिनी, वाघ हा बाह्य घटक आहे," श्रीमती कोल्हे म्हणाल्या. "आपण आधी आतून मजबूत व्हायचं."

दिगंबर मजबूत व्हायला लागला. त्यानं मोहाची फुलं तोंडात घेतली की भांडं ओरडायचं, "साखर! साखर!" कोवळा बांबू घेतला की, "एवढा पुरे!" शेवटी भांडं फक्त वाळक्या गवतावर खूश राहिलं. त्यानं "शाब्बास" म्हटलं की दिगंबरला गहिवरून यायचं. बायकोनं त्याला कधी शाब्बास म्हटलं नव्हतं.

"अहो, बरगड्या मोजता येतात तुमच्या," अनसूया म्हणायची. "गुपचूप दोन फुलं खा. मी भांडं पालथं घालते."

"तू मला मारायला टपली आहेस," दिगंबर म्हणायचा.

शेजारी धोंडू नावाचं रानडुक्कर राहायचं. ते कंद, किडे, कुजकी फळं, जे दिसेल ते खायचं. दिगंबर त्याला रोज आरोग्यावर व्याख्यान द्यायचा. धोंडू खाता खाता ऐकायचा.

त्याच जंगलात एक म्हातारा वाघ होता. श्रीमती कोल्हे त्यालाही भेटल्या. धंद्यात भेदभाव करायचा नसतो, मुलांनो. "काका, या वयात चरबी बंद," असं सांगून त्यांनी त्यालाही एक पथ्यपात्र दिलं. तेव्हापासून वाघ ते दातांत धरून हिंडायचा. त्यानं काहीही मारलं की भांडं नाक मुरडायचं. वाघ उपाशी होता, पण शिस्तीत होता.

एका दुपारी दिगंबर ओढ्यावर पाणी प्यायला गेला. पोटात काही नव्हतं. त्याला भोवळ आली आणि तो काठावर कोसळला. लगेच प्राणसखा जागा झाला.

"मी दिगंबर सांबर!" तो साऱ्या रानाला ऐकू जाईल असं ओरडला. "मी ओढ्याकाठच्या मोठ्या जांभळीखाली पडलो आहे! मी एकटा आहे! मला पळता येत नाही! लवकर या!"

अनसूया चरायचं सोडून धावत सुटली. धोंडूही धापा टाकत धावला. पण वाघ जवळच होता. तो म्हातारा असला, तरी बहिरा नव्हता.

"घाबरू नका," प्राणसखा दिगंबरच्या गळ्यातून म्हणाला. "मदत पोहोचली आहे."

तेवढ्यात जांभळीखाली धोंडू येऊन ठेपला आणि वाघाला पाहून जागीच थिजला. वाघानं भांडं खाली ठेवलं. आधी त्यानं धोंडूचा एक पाय धरून त्यात टेकवला.

"चरबी! चरबी!" भांडं किंचाळलं.

धोंडूनं जन्मात पहिल्यांदा आपल्या पोटाकडे कृतज्ञतेनं पाहिलं.

मग वाघानं दिगंबरचा पाय टेकवला. भांडं अगदी प्रेमानं म्हणालं, "उत्तम! नि:संकोच घ्या."

दिगंबर क्षीण आवाजात म्हणाला, "धोंडू, अनसूयेला इकडे येऊ देऊ नकोस."

धोंडू तसाच मागे पळाला. वाटेत अनसूया भेटली. ती ऐकेना, तेव्हा त्यानं आपलं सगळं वजन तिच्या आडवं घातलं. ते वजन भरपूर होतं, म्हणून ती वाचली.

पुढे शोकसभा झाली. श्रीमती कोल्हे डोळे पुसत आल्या आणि बोलायला उभ्या राहिल्या. "दिगंबरराव गेले, पण कसे गेले? साखर वाढून? नाही. वजन वाढून? नाही. या रानात इतक्या ठणठणीत तब्येतीत आजवर कुणी मेलेलं नाही!"

सभा भारावली. "खरंच, ठणठणीत गेले हो," एक भेकर पुटपुटलं.

"आणि मदत?" श्रीमती कोल्हे पुढे म्हणाल्या. "हाक गेल्याबरोबर हजर!"

अनसूया उठली, त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि तिनं मागच्या दोन्ही पायांनी अशी लाथ झाडली, की श्रीमती कोल्हे थेट करवंदीच्या जाळीत जाऊन पडल्या.

"दु:खानं डोकं फिरलंय बिचारीचं," सगळे हळहळले.

श्रीमती कोल्हे जाळीतून बाहेर आल्या. त्यांनी अंगावरचे काटे काढले, पिशवी उघडली आणि म्हणाल्या, "ढकलाढकली नको. सगळ्यांना मिळेल."

तात्पर्य : आरोग्य हीच खरी संपत्ती आहे, ती जपून ठेवावी, म्हणजे कोणाच्या तरी उपयोगी पडते.