चष्मा काढून ठेवा

जी गोष्ट सांगून सांगणाऱ्याचा फायदा होतो ती खोटी असते, आणि जी गोष्ट कोणी सांगितली हेच कोणाला ठाऊक नसतं ती खरी असते. जो माणूसच सापडत नाही, त्याचा फायदा तरी कसा होणार? या निकषावर समाजाचा सगळा व्यवहार सुरळीत चालू आहे. चौकातल्या चष्मेवाल्याला मात्र तो जरा उशिरा कळला.

झालं असं, की एके सकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर एक मजकूर आला. ‘चष्म्याने डोळे आळशी होतात. चष्मा काढून ठेवा, नजर आपोआप परत येईल. परत येण्याआधी ती थोडी जाईल, घाबरू नका. चष्मेवाले हे तुम्हाला सांगणार नाहीत.’ यातलं शेवटचं वाक्य बिनतोड होतं. चष्मेवाल्याने खरोखरच हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. (आणखी काय पुरावा हवा?)

मजकूर पटण्याची कारणं पुढीलप्रमाणे. एक, तो कोणाच्या तरी भाचीने पाठवला होता आणि ती भाची शिकलेली आहे. (हिशेबशास्त्र, पण शिक्षण ते शिक्षण.) दोन, तो तीन निरनिराळ्या ग्रुपवर आला होता, म्हणजे तीन स्वतंत्र साक्षीदार झाले. (तिन्ही ग्रुपवर तीच भाची होती.) तीन, चष्मा कानामागे टोचतो. या तिसऱ्या कारणाची चर्चा कुठेही झाली नाही, पण सगळा भार त्याच्यावरच होता.

दुकान ओस पडलं याचं चष्मेवाल्याला वाईट वाटलंच. पण त्याचा जीव खरा टांगणीला लागला तो ताईपायी. ही त्याची थोरली बहीण, शाळेत शिक्षिका. तिने पहिल्याच दिवशी चष्मा कपाटात ठेवून दिला, आणि ती शाळेत जायची स्कूटरवरून. चष्म्याशिवाय समोर वाहन आहे की भिंत, हे तिला हॉर्न वाजला तरच कळायचं.

“ताई, अगं तुझा नंबर केवढा आहे! निदान स्कूटरवर तरी घाल.”

“तू चष्मे विकतोस. तू असंच म्हणणार.”

“मी तुझा भाऊ आहे!”

“म्हणून तर ऐकून घेतलं. दुसरा कोणी दुकानदार असता, तर दारातूनच परत पाठवला असता.”

शिवाय ताईला गुण येत होता. आरशातल्या सुरकुत्या गेल्या होत्या. घरात धूळ दिसेनाशी झाली होती. पेपर तपासताना मुलांच्या चुका सापडेनात, त्यामुळे वर्गाचा निकाल असा काही वर चढला की मुख्याध्यापकांनी तिचं जाहीर अभिनंदन केलं. “डोळे सुधारल्याशिवाय का एवढं सगळं चांगलं दिसतंय?” ती म्हणाली.

मग चष्मेवाल्याने खऱ्याचा प्रचार करायचं ठरवलं. दुकानाबाहेर त्याने एक फलक उभा केला. वर ठळक, हातभर उंच अक्षरांत लिहिलं, ‘चष्म्याने डोळे बिघडतात!’ आणि खाली बारीक, नेटक्या अक्षरांत, ‘हा निव्वळ गैरसमज आहे. आत या, मोफत तपासून घ्या.’ नजर तपासण्यात हयात गेलेल्या माणसाने तपासणीचा तक्ताच तयार केला होता. ज्यांनी चष्मा काढला होता त्यांना वरची ओळ वाचता आली, खालची आली नाही. दुपारपर्यंत फलकाचा फोटो गावभर फिरला, सोबत चार शब्द होते : ‘शेवटी चष्मेवाल्यानेच कबूल केलं.’ त्याच भाचीने तो तिन्ही ग्रुपवर टाकला.

पुढच्या आठवड्यात ताईची स्कूटर त्याच फलकावर येऊन आदळली.

कोपर चांगलंच सोलवटलं होतं. चष्मेवाला पट्टी बांधू लागला. फलकाऐवजी ट्रक असता तर, एवढाच विचार डोक्यात होता, आणि त्याला चक्क रडू आलं.

“रडतोस काय वेड्यासारखा?” ताई म्हणाली. “परत येण्याआधी नजर थोडी जाणारच. मजकुरात लिहिलंय तसं.”

त्या क्षणी चष्मेवाल्याने सत्यापुढे हात टेकले. बायकोचा मोबाइल घेऊन तो आतल्या खोलीत बसला आणि त्याने लिहिलं : ‘चष्मा सोडलेल्यांनो, सावधान! परत येणारी नजर टिकवायची असेल तर जुना चष्मा थंड पाण्याने धुऊन दिवसभर घाला. आधी डावी काच धुवा, मग उजवी. उलट केल्यास गुण येत नाही. चष्मेवाले हे तुम्हाला सांगणार नाहीत.’ डाव्या काचेला काहीही अर्थ नव्हता. पण काही पथ्य नसलेला उपाय लोकांना हलका वाटतो, म्हणून त्याने ती घातली.

दोन दिवसांत गावातले कपाटातले चष्मे नाकावर आले. ज्यांचे हरवले होते ते दुकानात रांगेत उभे राहिले आणि “डावी काच कुठली, ते आधी सांगा,” म्हणू लागले. ताई तर उड्या मारत आली.

“काय लख्ख दिसतंय रे! एवढा साधा उपाय, आणि तू कधी बोलला नाहीस?”

चष्मेवाल्याला राहवेना. “ताई, तो मजकूर मी लिहिलाय. मी, या हातांनी.”

“चल! तुला निबंधाच्या दहा ओळी कधी जमल्या नाहीत.” मग ती म्हणाली, “आणि तू लिहिला असतास, तर मी ऐकला असता का?”

तिने चष्मा सारखा केला, स्कूटर सुरू केली आणि आरशात मागचं बघून मगच वळवली. चष्मेवाला तिच्याकडे बघत राहिला. त्याचं काम झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नळाखाली स्वतःचा चष्मा धूत होता. उजवी काच धुतली, आणि त्याचा हात थबकला. हे आपणच रचलंय, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण एवढी माणसं सांगताहेत, कोणाला तरी अनुभव आलाच असेल. आणि धुवायच्या तर दोन्हीच आहेत, काय बिघडतं? त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि डावीपासून पुन्हा सुरुवात केली.

इथे सुज्ञ वाचक हसेल, आणि त्याचा तो हक्क आहे. डावी काच त्याच्या डोळ्यांदेखत रचली गेली आहे. तरीही पुढच्या वेळी चष्मा पुसताना आपण कोणत्या काचेपासून सुरुवात केली, हे त्याच्या लक्षात येईल. उजवीपासून झाली असेल तर पुन्हा पुसावा. कोणी बघत नाही.